कुत्र्याचे कान वाचताना : प्रस्तावना

कुत्र्याच्या कानांचा अभ्यास कुठून सुरू करायचा, या प्रश्नाचे उत्तर युरोपातल्या ग्रंथांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. ते जातींच्या यादीपासून सुरू होतात. बीगल, बुलडॉग, कॉली, डॉबरमन अशी नावे येतात आणि प्रत्येक नावापुढे कानाचा प्रकार येतो. या ग्रंथाची सुरुवात गावठी कुत्र्यापासून होते. त्याचे कान कुणी ठरवून घडवलेले नाहीत. कुठल्या पिल्लाला जगवायचे आणि कुणाशी कुणाची जोडी लावायची, हे गल्लीने, उन्हातान्हाने आणि त्याच्या स्वतःच्या चपळाईने ठरवले आहे. म्हणून त्याचा कान ही आपली पायाभूत रेषा आहे. बाकी सारे कान या रेषेपासून किती दूर गेले, कोणत्या दिशेने गेले आणि त्यांना तिकडे कोणी नेले, हे शोधणे म्हणजे हा अभ्यास.

ही रेषा पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यासारखे, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गालगतचे कोणतेही गाव पुरेसे आहे. पारावर, पिठाच्या गिरणीसमोर, कापसाच्या गाडीखाली आणि शेतातल्या खळ्यावर जी कुत्री दिसतात त्यांच्यापैकी बहुतेकांचे कान बुडाशी रुंद, टोकाकडे निमुळते आणि उभे असतात. काहींचे शेंडे पुढे मुडपलेले असतात. एखाद्याचा एक कान उभा आणि दुसरा पडलेला असतो. क्वचित एखाद्याचे दोन्ही कान पूर्ण लोंबतात आणि मग त्याच्या आजी-आजोबांत कोण होते असा प्रश्न पडतो. एका गावात एवढे वैविध्य असते. त्याची शिस्तीने नोंद करणारा विद्यार्थी, यादी पाठ करणाऱ्याच्या पुढे गेलेला असतो.

गावठी कुत्र्याला 'भेसळ' समजून बाजूला सारण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती चुकीची आहे, आणि तसे म्हणायला भक्कम आधार आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात 38 देशांतल्या 549 गावकुत्र्यांची तुलना 161 जातींच्या चार हजारांहून अधिक कुत्र्यांशी करण्यात आली. दक्षिण अमेरिका आणि प्रशांत महासागरातली बेटे येथील गावकुत्र्यांत युरोपीय रक्त जवळजवळ सर्वत्र मिसळलेले आढळले. भारत, व्हिएतनाम आणि इजिप्त येथे मात्र ते अगदी थोडे निघाले. म्हणजे आपल्या दारातला कुत्रा कुठल्या विलायती जातीचा बिघडलेला अवतार नाही. तो एका जुन्या, स्वतंत्र लोकसंख्येचा वारस आहे. जातिवंत म्हणवणाऱ्या बहुतेक युरोपीय जातींची वंशावळ लिहिली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला 1859 मध्ये श्वानप्रदर्शन भरले, 1873 मध्ये ब्रिटनचा केनेल क्लब स्थापन झाला, आणि त्यानंतर कानाची लांबी, ठेवण व घडी कागदावर नेमून दिली गेली. गावठी कान त्या कागदाच्या कितीतरी आधीचा आहे.

या भागातल्या वाचकाला कान पाहण्याची नजर नव्याने कमवावी लागणार नाही, असा माझा विश्वास आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक दातांइतकेच कानांकडे पाहते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात आणि उत्तम जनावरात त्यांची टोके एकमेकांना भिडतात. गीर गाय ओळखणारा शेतकरीही दुरून कानच पाहतो, कारण तो लांब, लोंबता आणि पानासारखा दुमडलेला असतो. शेळ्या-मेंढ्या घेऊन धुळे-नंदुरबारच्या माळांवर फिरणारे ठेलारी आपल्या कळपातले जनावर कानाच्या ठेवणीवरून सांगू शकतात. ही नजर कुत्र्याकडे वळवली, तिला थोडी शिस्त आणि थोडे शरीरशास्त्र जोडले, की अभ्यास सुरू झाला.

आधी शरीरशास्त्र. आपण ज्याला कुत्र्याचा कान म्हणतो ती खरे तर कर्णपाळी, म्हणजे कानाचा बाहेर दिसणारा भाग. तिच्या आत लवचीक कूर्चेचा पत्रा असतो आणि दोन्ही बाजूंनी कातडी. कूर्चा किती जाड आहे, बुडाशी तिचा पीळ कसा आहे आणि तिच्यावर कातडीचे किती ओझे आहे, यावर कान उभा राहणार की पडणार हे ठरते. कर्णपाळीला डझनाहून अधिक स्नायू लागलेले असतात. त्यामुळे कुत्रा दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतो आणि आवाजाचा माग घेऊ शकतो. बाहेरच्या कडेला, बुडाजवळ, कातडीची एक लहान खिशासारखी घडी असते. ती मांजरातही आढळते आणि तिच्या उपयोगाबद्दल अजून एकमत झालेले नाही. कर्णपाळीच्या खाली कानाची नळी सुरू होते. माणसात ती जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्यात ती आधी खाली उतरते, मग वळून आडवी होते आणि शेवटी कर्णपटलाशी पोहोचते. या वळणाचे महत्त्व पुढे कानाच्या आजारांच्या प्रकरणात कळेल.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याची कानाची नळी बंद असते. ती साधारण दोन आठवड्यांनंतर उघडू लागते. लांडग्याच्या पिल्लाचेही कान सुरुवातीला पडलेले असतात आणि काही आठवड्यांत उभे होतात. जर्मन शेफर्डमध्ये हे उभे राहणे कित्येक महिने चालते, आणि दात येण्याच्या काळात उभा राहिलेला कान पुन्हा पडलेलाही दिसतो. म्हणून या ग्रंथातला पहिला नियम असा आहे की कुत्र्याचे वय लिहिल्याशिवाय कानाचा प्रकार लिहायचा नाही.

ऐकण्याच्या बाबतीत कर्णपाळीचा आकार पुष्कळांना फसवतो. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे. 1983 साली हेफ्नर या संशोधकाने इवल्याशा चिवावापासून अजस्र सेंट बर्नार्डपर्यंतच्या कुत्र्यांच्या श्रवणाची मोजणी केली. मोठ्या कुत्र्याला जाड आवाज जास्त चांगले आणि लहान कुत्र्याला बारीक आवाज जास्त चांगले ऐकू येत असतील, ही अपेक्षा त्या मोजणीत टिकली नाही. कर्णपाळी आवाज गोळा करते आणि त्याची दिशा शोधायला मदत करते. ऐकण्याची क्षमता मात्र आतल्या कानात घडते. हा भेद ध्यानात ठेवला तर 'मोठे कान म्हणजे तिखट कान' अशा पुष्कळ समजुती आपोआप गळून पडतात.

आता प्रकार. पायाभूत रेषेपासून निघून एकेक टप्पा पुढे जाऊ. पहिला उभा कान : गावठी कुत्रा, स्पिट्झ, हस्की, जर्मन शेफर्ड. यातच बुडाशी फार रुंद आणि टोकाला गोल असा मोठा उभा कान येतो, तो फ्रेंच बुलडॉगचा. दुसरा अर्धा उभा कान, ज्याचे चारांतले तीन भाग ताठ राहतात आणि शेंडा पुढे झुकतो. कॉली हे त्याचे नामांकित उदाहरण, पण आपल्या गल्लीतही तो रोज दिसतो. तिसरा मुडपलेला कान, ज्याची वरची घडी पुढे पडून कानाचे छिद्र झाकते. फॉक्स टेरियरमध्ये ही घडी नेटकी असते. चौथा मागे दुमडलेला कान, ज्यात आतला भाग थोडा उघडा पडतो. ग्रेहाउंड आणि इंग्लिश बुलडॉग या एरवी अगदी निराळ्या दिसणाऱ्या जातींत तो सारखाच आढळतो. पाचवा लोंबता कान : लॅब्राडॉरमध्ये आखूड, बीगलमध्ये लांबट, कॉकर स्पॅनियलमध्ये दाट केसांनी भरलेला, आणि बॅसेट व ब्लडहाउंडमध्ये इतका लांब व घडीदार की मान खाली घातली की जमिनीशी लागतो. पॅपिलॉन या छोट्या युरोपीय जातीत तर एकाच वंशात उभ्या कानांचे आणि लोंबत्या कानांचे असे दोन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कानाचा प्रकार आणि जात या दोन गोष्टी एकमेकींना घट्ट बांधलेल्या नाहीत, हे दाखवायला एवढे उदाहरण पुरे आहे.

आपल्या दख्खनच्या जातींना या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात जो लांब पायांचा, अरुंद तोंडाचा शिकारी कुत्रा पाळला जातो त्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात आणि मुधोळ परिसरात मुधोळ हाउंड. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरॅव्हॅन हाउंड या नावाने करतो. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीला आश्रय दिला. 9 जानेवारी 2005 रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटे काढली. त्यांत हिमालयन मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड आणि राजापालयम यांच्यासोबत मुधोळही होता. पुढे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या जातींची अधिकृत नोंद केली. मुधोळ किंवा कारवानीचा कान मध्यम आकाराचा, पातळ, त्रिकोणी आणि गालाशी लोंबणारा असतो. मराठवाड्यात पश्मी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या भावंडाच्या कानांवर लांब रेशमी केस असतात.

येथे वाचकाने थोडे थांबावे. गावठी कुत्रा आणि कारवानी एकाच कोरड्या मुलखात, एकाच उन्हात वाढले. एकाचा कान उभा आणि दुसऱ्याचा लोंबता. हवामान कानाचा आकार ठरवते असे सरसकट म्हणणाऱ्याला या एका जोडीपुढे उत्तर सुचत नाही. फरक आहे तो माणसाच्या निवडीचा. कारवानी पळण्यासाठी आणि नजरेने शिकार हेरण्यासाठी निवडला गेला. त्याच्या कानाने लोंबावे असे कुणी ठरवले असो वा नसो, तो त्या निवडीबरोबर चालत आला.

मग असे कान माणसाजवळ किती जुन्या काळापासून आहेत? हा प्रश्न अवघड होतो, कारण कूर्चा मातीत टिकत नाही. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पाळीव कुत्र्याची हाडे मिळाली. जबडा मिळतो, कवटी मिळते, दात मिळतात. कान कधीच मिळत नाही. त्यामुळे कानांचा इतिहास शिल्प, चित्र आणि लेखन यांच्याच आधाराने लिहावा लागतो. 1974 साली प्रवरेकाठच्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल यांना मातीत जड धातुशिल्पे सापडली. त्यांत बैलांच्या जोडीने ओढलेला रथ आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या शिल्पांच्या काळाबद्दल मतभेद असले, तरी महाराष्ट्रात कुत्र्याची इतकी जुनी आणि इतकी जिवंत प्रतिमा दुर्मीळ आहे. प्राचीन इजिप्तच्या चित्रांत जुन्या राजवटींच्या काळात उभ्या कानांचे शिकारी कुत्रे दिसतात आणि नंतरच्या काळात लोंबत्या कानांचे, सलुकीसारखे कुत्रेही येतात. आपल्या मुलखाजवळच्या कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लासा'त सारमेयविनोद नावाचा स्वतंत्र भाग आहे. राजाच्या करमणुकीत कुत्र्यांना एवढी जागा मिळाली, याचा अर्थ त्यांची निवड आणि पारख हे तेव्हाच एक शास्त्र झाले होते.

देवघरातल्या चित्रांनाही पुरावा म्हणून पाहायला हरकत नाही. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो. जुन्या तसबिरी, मंदिरांतले धातूचे टाक आणि नव्या दिनदर्शिका शेजारी ठेवून त्यांतल्या कुत्र्यांचे कान टिपले, तर त्या त्या काळच्या चित्रकाराच्या डोळ्यांसमोर कोणता कुत्रा होता याचा अंदाज बांधता येतो. हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर हाती घ्यावे. त्याला कुठली साधने लागत नाहीत, फक्त चिकाटी लागते.

आता या शाखेतला सर्वांत गाजलेला प्रश्न : पाळीव प्राण्यांचे कान पडतात का आणि कशाने? 1859 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात चार्ल्स डार्विनने नोंदवले की ज्याचे कान कुठल्याच देशात पडलेले नाहीत असा एकही पाळीव प्राणी सांगता येत नाही. धोक्याची चाहूल घेण्याची गरज कमी झाल्यामुळे कानांचे स्नायू वापरात राहत नसावेत, हे तेव्हा सुचवले गेलेले कारण त्याला संभवनीय वाटले. शंभर वर्षांनी, 1959 मध्ये, सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ द्मित्री बेल्यायेव यांनी सैबेरियात नोवोसिबिर्स्क येथे रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. ल्युदमिला त्रुत यांनी तो पुढे अनेक दशके चालवला. निवडीची कसोटी एकच होती : माणसाला न घाबरणारे, अंगावर न येणारे कोल्हे पुढच्या पिढीसाठी ठेवायचे. काही पिढ्यांतच काही पिल्लांचे कान नेहमीपेक्षा जास्त काळ पडलेले राहू लागले, अंगावर पांढरे ठिपके आले, शेपट्या वळल्या.

याचे एक स्पष्टीकरण 2014 मध्ये विल्किन्स, रँगम आणि फिच यांनी मांडले. गर्भात मज्जासंस्था घडत असताना तिच्या कडेवरून काही पेशी निघतात आणि शरीरभर पसरतात. त्यांच्यापासून रंगपेशी, जबड्याचे भाग, कानाची कूर्चा आणि भीतीच्या प्रतिक्रियेशी जोडलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा आतला भाग बनतो. सौम्य स्वभावाची निवड केली की या पेशी थोड्या कमी किंवा उशिरा पोहोचत असाव्यात, आणि म्हणून स्वभाव, रंग व कान हे एकत्र बदलत असावेत, असा त्यांचा तर्क. तर्क देखणा आहे. पण त्यावर वजनदार आक्षेपही आले आहेत. प्रयोगातले कोल्हे जंगलातून आणलेले नव्हते. त्यांचे पूर्वज कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या फरसाठीच्या फार्मवर कित्येक पिढ्या वाढवलेले होते आणि त्यांच्यात यांपैकी काही लक्षणे आधीपासूनच होती, हे पुढे दाखवून देण्यात आले. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू वाचाव्यात. एखाद्या सुंदर कथेला पुराव्याच्या वजनाने तोलणे, हे या शाखेतले सर्वांत मोलाचे शिक्षण आहे.

जनुकांच्या बाजूने चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. कुत्र्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा 2005 मध्ये एका बॉक्सर मादीवरून प्रसिद्ध झाला. 2010 मध्ये 80 जातींतल्या 900 हून अधिक कुत्र्यांची लांडग्यांशी तुलना करून असे आढळले की कुत्र्याच्या दिसण्यातले प्रचंड वैविध्य मोजक्या जागांवरच्या बदलांतून आलेले आहे. कुत्र्याला गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात. त्यांपैकी दहाव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या प्रदेशाचा कान उभे की लोंबते याच्याशी घट्ट संबंध निघाला. त्या प्रदेशात एमएसआरबी3 नावाचे जनुक आहे, आणि त्याच्या शेजारीच शरीराच्या आकारमानाशी संबंधित एचएमजीए2 हे जनुक आहे. शेजारामुळे एकाची निवड करताना दुसरेही ओढले जाऊ शकते. एमएसआरबी3 चा संबंध डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या कानांच्या आकाराशीही सापडला आहे. माणसात याच जनुकातल्या बिघाडाने एक प्रकारचा बहिरेपणा येतो. कुत्र्याच्या कानापासून सुरू झालेला धागा असा मेंढवाड्यापर्यंत आणि रुग्णालयापर्यंत जातो.

कानाच्या आरोग्याचे प्रकरण मी मुद्दाम मोठे ठेवले आहे, कारण अभ्यास करणाऱ्याने ज्याचा अभ्यास करतो त्या जिवाच्या उपयोगी पडले पाहिजे. लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही, ओल टिकते, आणि वळणाच्या नळीत मळ साचून दाह होतो. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या 22 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या. वर्षभरात सुमारे 7.3 टक्के कुत्र्यांना बाह्यकर्णाचा दाह झाला होता. उभ्या कानांच्या जातींच्या तुलनेत लोंबत्या कानांच्या जातींत ही शक्यता सुमारे पावणेदोन पट होती, आणि सर्वांत जास्त धोका बॅसेटला होता. उभ्या कानाची दुखणी निराळी असतात. माश्या त्याच्या शेंड्याला चावून रक्त काढतात, जखमेत आळ्या पडतात, पावसाळ्यात आतल्या घडीत गोचीड बसतात. कुत्रा सारखा कान झाडत असेल तर कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचून कान फुगतो. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर तो कायमचा चुरगळतो. असा कान पाहून 'जातीचा प्रकार' लिहिणे ही मोठी चूक ठरेल.

बहिरेपणाचाही विचार हवा. डाल्मेशियनमध्ये सुमारे 30 टक्के कुत्रे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे असतात. आतल्या कानात रंगपेशी नसल्या की ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांत मरतात. म्हणजे कर्णपाळी कितीही सुरेख असली तरी पांढऱ्या रंगाची अतिरेकी निवड आतला कान बहिरा करू शकते. शुभ्र राजापालयममध्येही ही अडचण नोंदवली गेली आहे. देशी जातींच्या पैदाशीत उतरणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी धरावे.

कान कापण्याबद्दल या ग्रंथाची भूमिका स्पष्ट आहे : दिखाव्यासाठी कान कापू नये. डॉबरमन आणि ग्रेट डेन यांचे कान जन्मतः लोंबते असतात. चित्रांत दिसणारा त्यांचा टोकदार उभा कान सुरीने घडवलेला असतो. मध्य आशियातल्या अलाबाईचे कान लांडग्याच्या तोंडी सापडू नयेत म्हणून मेंढपाळ पूर्वापार कापत आले. शहरातल्या सदनिकेत तेही कारण उरत नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1898 मध्येच कापलेल्या कानांच्या कुत्र्यांना प्रदर्शनांची दारे बंद केली. 1987 च्या युरोपीय कराराने ही शस्त्रक्रिया निषिद्ध मानली. भारतातला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याचे अवयव छाटणे हा गुन्हा मानतो. कान न कापण्याच्या या भूमिकेला एकच विधायक अपवाद आहे. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला, तो भुलीखाली असतानाच, एक छोटी खाच दिली जाते. 2001 च्या आणि नंतर 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत तिची तरतूद आहे. ही खाच ओळखता येणे हे नागरिकाचेही काम आहे. ती दिसली की त्या कुत्र्याला निर्बीजीकरणासाठी पुन्हा पकडायचे कारण नाही.

कानावरून स्वभाव सांगण्याचा मोह फार जुना आहे. पडलेल्या कानाचा गरीब, ताठ कानाचा तापट, असे सर्रास बोलले जाते. कानाची *हालचाल* स्वभावाबद्दल नव्हे, तर त्या क्षणीच्या मनाबद्दल नक्की सांगते. टवकारलेला कान लक्ष दाखवतो. मागे चिकटवलेला कान भीती किंवा शरणागती दाखवू शकतो, पण शेपूट, तोंड आणि अंगाचा ताठपणा यांच्यासोबतच त्याचा अर्थ लावावा लागतो. कानाची *ठेवण* मात्र वेगळी बाब आहे. 2022 मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकीय आराखडा वाचून एक अभ्यास झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी केवळ 9 टक्के जातीने स्पष्ट होतात, असे त्यात आढळले. संपूर्ण जात जिथे इतके थोडे सांगते, तिथे एकट्या कानाकडून भाकीत मागू नये. बाहेरून दिसणाऱ्या खुणेवरून जिवाची लायकी ठरवण्याची घाई या शाखेत चालत नाही.

हा ग्रंथ शाळेतल्या विज्ञानशिक्षकांसाठी, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी, कुत्रा पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि गावच्या जैवविविधतेची नोंद ठेवणाऱ्यांसाठी लिहिला आहे. पहिल्या भागात रचना आणि श्रवण, दुसऱ्यात प्रकार आणि देशी जाती, तिसऱ्यात इतिहास आणि जनुके, चौथ्यात आरोग्य आणि कायदा आहे. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येते. शेतकऱ्याने थेट चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी काही बिघडणार नाही.

नोंद करण्याची पद्धत मात्र सर्वांनी एकच ठेवावी. दोन्ही कान वेगळे नोंदवा, कारण ते सारखे असतातच असे नाही. कुत्रा निवांत असताना आणि सावध झाल्यावर असे दोनदा पाहा. बुडाची रुंदी, डोक्यावरची जागा, शेंड्याचा आकार, घडी कुठे पडते, कान पुढे ओढल्यास कुठवर पोहोचेल असे नजरेने दिसते, केसांची दाटी आणि जखमेच्या खुणा, हे सारे क्रमाने लिहा. वय आणि ऋतू लिहा. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्या. कान हातात धरून मापू नका. अनोळखी कुत्र्याला लांबूनच पाहा आणि पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नका. चावा बसलाच, मग तो ओरखड्याएवढा का असेना, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागली की उपचार जवळजवळ उरत नाही. ज्ञान मिळवण्याच्या उत्साहात ही एक गोष्ट कधीही विसरू नये.

या अभ्यासाच्या पुढच्या पायऱ्या मोठ्या शहरांतल्या संस्थांपेक्षा गावांतूनच चढल्या जातील, असे मला मनापासून वाटते. एका गावात उभ्या, मुडपलेल्या आणि लोंबत्या कानांचे प्रमाण किती आहे. रेल्वेमार्गालगतच्या गावांत आणि सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ते वेगळे आहे का. एकाच वेताच्या पिल्लांत किती प्रकार निघतात. पाळीव विलायती कुत्री वाढली तसे गावठी कान बदलत आहेत का? हे प्रश्न एखाद्या शाळेतल्या वर्गाने वर्षभर वही ठेवली तर सुटू शकतात, आणि उत्तरे जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतील. मोजमाप झाले नाही तर आपल्या या जुन्या लोकसंख्येत होणारे बदल नोंदीविनाच होऊन जातील. वाचकाला माझी विनंती एवढीच की पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या गल्लीतल्या पाच कुत्र्यांची नोंद वर सांगितलेल्या पद्धतीने करावी. ग्रंथ वाचून झाल्यावर त्याच पाचांची पुन्हा नोंद करून दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. दुसऱ्या वेळी जास्त दिसले, तर लेखनाचे श्रम सार्थकी लागले.

रनाळे, जिल्हा नंदुरबार